मोटारबोटीवरील मापकांतील बिघाड : निदानाची क्रमबद्ध पद्धत

प्रस्तावना :
खानदेशास समुद्रकिनारा नाही. तथापि मोटारबोट चालू शकेल अशी जलक्षेत्रे येथे आहेत. जळगावचा मेहरूण तलाव, तापी-पूर्णा संगमाच्या खालील बाजूस असलेले हतनूर धरण आणि १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या नंदुरबार भागातील सरदार सरोवराचा फुगवटा ही त्यांची उदाहरणे होत. धुळे येथे तुकडी असलेले राज्य आपत्ती प्रतिसाद दलही पूरप्रसंगी मोटारबोटी वापरते. रस्त्यावर इंधन संपल्यास चालक उतरून मदत मागू शकतो; जलाशयाच्या मध्यभागी ती सोय नसते. म्हणून मापक विश्वासार्ह असणे हा प्रवाशांच्या सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो. काटा चुकला की मापकच बदलण्याकडे कल असतो; वस्तुतः दोष अनेकदा अन्यत्र असतो.

मापकाची रचना :
बॅटरी, फ्यूज, स्विच, मापक, वायर, टाकीतील किंवा इंजिनावरील संवेदक आणि अर्थिंग अशी ही साखळी आहे. संवेदकाचा विद्युत रोध बदलला की काटा सरकतो. अमेरिकी पद्धतीच्या इंधन संवेदकाचा रोध टाकी रिकामी असता सुमारे २४० ओहम व भरलेली असता ३३ ओहम असतो. युरोपीय पद्धतीत तो अनुक्रमे १० व १८० ओहम असतो. भिन्न पद्धतींचे मापक व संवेदक एकत्र जोडल्यास दोन्ही निर्दोष असूनही वाचन चुकते.

निदानाचा क्रम :
१) सर्व मापके एकाच वेळी बंद पडल्यास सामाईक फ्यूज, बॅटरीचे जोड व अर्थिंग तपासावे. ओलाव्यामुळे तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढतो. तो घासून काढावा.
२) एकच मापक बंद असल्यास स्विच चालू करून त्याच्या मागील पुरवठा व अर्थिंग या टोकांमध्ये सुमारे १२ व्होल्ट मिळतात का, हे मल्टिमीटरने पाहावे.
३) त्यानंतर संवेदकाची वायर मापकापासून सोडवावी. अमेरिकी पद्धतीत काटा ‘रिकामे’ दर्शवितो आणि ते टोक अर्थिंगला जोडल्यास ‘पूर्ण’कडे जातो, युरोपीय पद्धतीत याच्या उलट घडते. काटा असा हलल्यास मापक निर्दोष समजावे.
४) अखेरीस, पुरवठा बंद ठेवून, सोडविलेल्या वायरीचा अर्थिंगच्या संदर्भात रोध मोजावा. संवेदकापाशी रोध योग्य आणि मापकाच्या टोकाशी अनंत आढळल्यास वायर तुटलेली आहे.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साचते. म्हणून तपासणीपूर्वी झाकणे उघडून हवा खेळू द्यावी व टाकीजवळ ठिणगी पडेल असे काहीही करू नये.

अन्य मापके :
फेरे दाखविणाऱ्या मापकामागील निवडकळ इंजिनाशी जुळत नसल्यास आकडा ठरावीक प्रमाणात चुकतो. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या वेगमापकाची नळी गाळाने तुंबू शकते. तापमानाचा काटा चढल्यास मात्र प्रथम तो खरा मानावा. गाळाने पाण्याची वाट अडून इंजिन खरोखर तापलेले असू शकते. अशा वेळी इंजिन बंद करावे आणि निदान नंतर करावे.

निष्कर्ष :
शालेय वर्गात शिकविला जाणारा ओहमचा नियम व एक साधा मल्टिमीटर एवढ्यावर बहुतेक दोष शोधता येतात. तथापि निर्दोष मापकही हेलकाव्यांत अचूक राहत नाही. म्हणून निघण्यापूर्वी टाकी प्रत्यक्ष पाहावी आणि एक तृतीयांश इंधन जाण्यास, तेवढेच परतण्यास व उरलेले राखीव हा नियम पाळावा.