पक्षिगृहातील गोल्डियन फिंच

उत्तर ऑस्ट्रेलियात, निलगिरीच्या कुळातील वृक्ष जेथे विरळ उभे असतात आणि पावसाळ्यात गवत उदंड माजते, त्या माळरानांवर गोल्डियन फिंच नावाचा एक चिमुकला पक्षी राहतो. त्याची लांबी जेमतेम पाच इंच. परंतु हिरवी पाठ, जांभळी छाती, पिवळेधमक पोट आणि मुखवट्याच्या कडेने गेलेली आकाशी पट्टी इतके सारे रंग त्या एवढ्याशा देहात एकवटलेले असतात. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड याने १८४४ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या प्रवासात आपल्याबरोबर असलेली, आपल्या ग्रंथांसाठी पक्ष्यांची चित्रे रेखाटणारी आणि १८४१ मध्ये निवर्तलेली पत्नी एलिझाबेथ हिचे नाव त्याने या पक्ष्याला दिले. सौंदर्याच्या या कीर्तीमुळेच तो पुढे जगभरच्या पक्षिगृहांत पोहोचला. आणि ऑस्ट्रेलिया सरकारने १९६० साली देशी पक्ष्यांच्या निर्यातीस मनाई केल्यानंतरही त्याची संतती बंदिवासात वाढतच राहिली.

हा पक्षी पाळू इच्छिणाऱ्याने त्याचे रानातील जीवन प्रथम समजून घ्यावे, कारण पक्षिगृहातील सगळा बंदोबस्त त्यावरूनच ठरतो. रानात तो जवळजवळ सर्वस्वी गवताच्या बियांवर जगतो. कोरड्या ऋतूत रानज्वारीच्या वर्गातील गवतांचे जमिनीवर पडलेले बी त्याला पुरते. परंतु पहिल्या सरींबरोबर ते सगळे बी एकदम रुजते आणि बहुवार्षिक गवतांना नवे दाणे धरेपर्यंत त्याच्यावर टंचाईचे दिवस येतात. कोरड्या ऋतूच्या अखेरीस लागणारे प्रखर वणवे आणि गुरांची अतिरिक्त चराई यांनी नेमकी हीच गवते खालावली, तेव्हा एके काळी थव्यांनी दिसणारा हा पक्षी विरळ झाला. घरटे बांधण्याची हौसही त्याला फारशी नाही. वृक्षाच्या ढोलीत थोडेसे गवत अंथरून तो अंडी घालतो.

म्हणून पक्षिगृह उंचीपेक्षा लांबीने मोठे असावे, की पक्ष्याला सरळ उडता येईल. त्याची एक बाजू ओल आणि गार वारा यांपासून पूर्णपणे आडोशाची असावी. आणि जाळी अशी बारीक असावी की उंदीर व साप यांचा आत शिरकाव होऊ नये. आहारात राळे, वरी यांसारखी बारीक धान्ये, कॅनरी सीड, मोड आलेले बी आणि हंगामात ओल्या दाण्यांची गवताची कणसे द्यावीत. समुद्रफेस आणि अंड्याच्या कवचाचा चुरा वर्षभर समोर असावा, कारण चुन्याची उणीव पडली तर अंडे मादीच्या पोटातच अडकते आणि तिच्या प्राणावर बेतते. श्वासमार्गात राहणारा एक सूक्ष्म माइट हा या जातीचा जुना वैरी; श्वास घेताना पक्षी चोच उघडू लागला किंवा बारीक टकटक ऐकू आली, तर पशुवैद्याकडे जाण्यास विलंब करू नये.

विणीचा काळ जवळ आला की नराच्या चोचीचे टोक लाल होते आणि मादीची चोच काळवंडते. वर्षाची पुरी न झालेली मादी विणीस लावू नये, आणि घरटेपेट्या जोड्यांपेक्षा अधिक टांगाव्यात, म्हणजे जागेसाठी तंटा होत नाही. मादी बहुधा चार ते आठ अंडी घालते. नरमादी आळीपाळीने ती उबवतात आणि सुमारे दोन आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात. या पिल्लांच्या जबड्याच्या कोपऱ्यांत निळसर मण्यांसारखे उंचवटे असतात आणि ढोलीत शिरणारा अत्यल्प प्रकाशही ते परावर्तित करतात, त्यामुळे अंधारात भरवायचे तोंड आईबापांना अचूक सापडते. तीन आठवड्यांच्या सुमारास घरट्याबाहेर पडणारे पिल्लू राखी-हिरवट असते. बापाचे वैभव त्याच्या अंगावर पुढील काही महिन्यांत पीस झडता झडता येते, आणि हाच काळ त्याच्या आयुष्यात अत्यंत नाजूक असतो.

मस्तकाचा रंग हा या जातीतील विशेष अभ्यासाचा विषय आहे. रानात बहुसंख्य पक्षी काळ्या मस्तकाचे, सुमारे एकचतुर्थांश लाल मस्तकाचे आणि पिवळ्या मस्तकाचे अतिविरळ असतात. लाल रंग काळ्यावर प्रभावी ठरतो आणि त्याचा वारसा लिंगाशी निगडित असतो. म्हणून लाल मादी व काळा नर यांची जोडी लावली, तर मुलगे आईसारखे लाल आणि मुली बापासारख्या काळ्या निपजतात. लाल नर मात्र काळ्याचा वारसा गुप्तपणे बाळगू शकतो, मादीला ती मुभा नाही. आनुवंशिकतेचा हा कारभार ज्याला उमगला, त्याला संततीचा अंदाज आधीच बांधता येतो. आणि याच ज्ञानाच्या बळावर पाळकांनी रानात जवळजवळ न दिसणारे पांढऱ्या छातीचे, पिवळे, निळे असे नाना प्रकार स्थिर केले आहेत.

परंतु याच ठिकाणी पाळकाच्या विवेकाची खरी परीक्षा होते. अधिक पिल्ले लवकर मिळावीत म्हणून गोल्डियनची अंडी बेंगॉलीज फिंच या, मुनियेपासून मानवाने निर्माण केलेल्या, अत्यंत वत्सल पाळीव पक्ष्याच्या हवाली करण्याची प्रथा सर्वत्र रुजली आहे. एखादी जोडी दगावली असता असा आश्रय देणे योग्यच. तथापि पिढ्यान्‌पिढ्या अंडी परक्याकडेच उबवली गेली, तर स्वतःची पिल्ले वाढविण्यात उणी असलेली जोडीही आपला वंश तितक्याच संख्येने पुढे चालवते, उत्तम मातापित्यांची निवड होणे थांबते, आणि ज्याच्या सान्निध्यात नर पिल्लू वाढते त्याच्याचकडून गाणे शिकत असल्यामुळे त्याच्या कंठातून परक्याचे गाणे उमटू लागते. मला तर असे वाटते की स्वतःची पिल्ले स्वतः भरवून मोठी करणारी साध्या रंगाची एक जोडी ही परक्याच्या घरट्यात वाढलेल्या दहा दुर्मिळ रंगांच्या पक्ष्यांहून मोलाची आहे.

याकरिता प्रत्येक पाळकाने पायात कडी घातलेल्या पक्ष्यांची नोंदवही ठेवावी. तीत आईबाप, वीण आणि पिल्ले कोणी वाढविली ही माहिती असावी. जवळच्या नात्यातील जोड्या टाळाव्यात. आणि वर्षाला दोन, फार तर तीन विणींनंतर नरमादीस विश्रांती द्यावी. आपल्याकडे तर एक जबाबदारी अधिक आहे. देशी मुनिया पकडणे व त्यांचा व्यापार करणे कायद्याने निषिद्ध आहे, आणि केवळ भारतातच आढळणारी हिरवी मुनिया पारध्यांच्या जाळ्यामुळे आधीच संकटात आली आहे. तेव्हा फिंच पाळण्याची हौस असणाऱ्याने रानातून आणलेला पक्षी कितीही स्वस्त मिळाला तरी नाकारावा, आणि पक्षिगृहात जन्मलेला परदेशी पक्षीसुद्धा लागू असलेल्या नियमांची वनखात्याकडे खातरजमा करून, त्याच्या वंशाचा दाखला पाहूनच घ्यावा. दुर्मिळ पक्ष्याचा पाळक हा त्याच्या वंशाचा काही पिढ्यांपुरता विश्वस्त असतो, आणि आपल्या हाती जो गुणसंच आला तो उणा न होता पुढच्या हाती गेला की नाही, यावरूनच त्याच्या कार्याचे मूल्य ठरावे.