जुन्या एसयूव्हीसाठी इंजिन तेलाची निवड

इंजिन तेल हे अंतर्ज्वलन इंजिनातील घासणाऱ्या भागांमध्ये पातळ थर निर्माण करून झीज कमी करणारे वंगण होय. इंजिनाची उष्णता वाहून नेणे, काजळी तरंगत ठेवणे व आम्लांचे उदासीनीकरण करणे ही कामेही तेच करते. जुन्या वाहनाच्या बाबतीत ही निवड अधिक महत्त्वाची ठरते, कारण झिजलेल्या इंजिनाची पूर्ण दुरुस्ती करण्याचा खर्च पुष्कळदा वाहनाच्या उरलेल्या किमतीशी स्पर्धा करतो.

बीड जिल्ह्यातील पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात टाटा सुमो (१९९४), महिंद्रा बोलेरो (२०००), टोयोटा क्वालिस (२००० ते २००५) आणि महिंद्रा स्कॉर्पिओ (२००२) यांसारखी डिझेल वाहने कुटुंबाचे वाहन म्हणूनही वापरली जातात. लग्नकार्य, बाजार, शेतीची सामग्री आणि रात्री-अपरात्री अंबाजोगाईच्या रुग्णालयापर्यंतची धाव, ही सारी कामे एकाच गाडीवर पडतात. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते. त्यानंतर योग्यता तपासून तिचे नूतनीकरण करावे लागते. त्यामुळे इंजिन धूर ओकू लागले की प्रश्न केवळ तेलाचा राहत नाही.

जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. हिवाळा सौम्य असून पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नाही. बालाघाट डोंगररांगेतील धारूर व मांजरसुंबा येथील घाट भरलेल्या गाडीने चढताना इंजिनावर मोठा ताण येतो. आडरस्त्यांवरील धुळीचाही विचार करावा लागतो. मात्र धूळ अडवणे हे हवेच्या फिल्टरचे काम आहे. फिल्टर फाटलेला असेल, तर महागडे तेलही पिस्टन रिंगा वाचवू शकत नाही.

श्यानता

तेलाचा दाटपणा, म्हणजे श्यानता, एसएई श्रेणीने दर्शवितात. १५डब्ल्यू-४० या श्रेणीतील ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा निदर्शक असून त्याच्या आधीचा अंक थंडीतील प्रवाहीपणाशी निगडित आहे. ४० हा अंक गरम इंजिनातील दाटपणा सांगतो. १०० अंश सेल्सिअसला ३० श्रेणीच्या तेलाची श्यानता ९.३ ते १२.५, ४० श्रेणीची १२.५ ते १६.३ आणि ५० श्रेणीची १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक या दरम्यान असते. १५डब्ल्यू तेलाची थंडीतील चाचणी उणे २० अंशांवर घेतली जाते. बीडच्या हवामानात तेवढी थंडी पडत नसल्याने जुन्या डिझेल इंजिनांना १५डब्ल्यू-४० बहुधा पुरेसे ठरते. तरीही अंतिम आधार वाहनाच्या पुस्तिकेचाच घ्यावा.

‘गाडी जुनी झाली की दाट ऑइल टाकावे’ हा समज अर्धसत्य आहे. झिजलेल्या रिंगांमधून तेल जळत असल्यास २०डब्ल्यू-५० तेलाने निळा धूर काही काळ कमी होऊ शकतो, पण झीज भरून निघत नाही. उलट टर्बो असलेल्या इंजिनात चालू करताच तेल वेगाने पोहोचणे आवश्यक असते. अतिदाट तेलाने तेथे हानी संभवते.

गुणवत्तेचा दर्जा

समान श्यानतेची दोन तेले गुणवत्तेत फार वेगळी असू शकतात. एपीआय वर्गीकरणात ‘सी’ने सुरू होणारे दर्जे डिझेल इंजिनांसाठी असतात: सीएच-४ (१९९८), सीआय-४ (२००२), सीजे-४ (२००६) व सीके-४ (२०१६). सीके-४ तेल हे सीएच-४ मागणाऱ्या इंजिनात चालते. मात्र २०१६ मध्येच आलेले एफए-४ हे पातळ तेल जुन्या इंजिनांसाठी नाही. केवळ सीएफ-४ लिहिलेले तेल स्वस्त मिळाले तरी तो दर्जा कालबाह्य झाला आहे.

डिझेलमध्ये गंधक अधिक असे तेव्हा आम्लांना तोंड देण्यासाठी तेलात क्षारांश जास्त ठेवला जाई. १ एप्रिल २०२० पासून भारतात मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्षांश १० इतकी आहे. त्यामुळे जुन्या गाडीलाही आता ही भीती पूर्वीइतकी नाही. काजळी गाळणारा डीपीएफ मुळातच नसलेल्या या गाड्यांना कमी राखेच्या खास तेलाचीही गरज नसते.

बदल आणि तपासणी

डिझेल इंजिनातील तेल थोड्याच दिवसांत काळे पडते. हे काजळी तेलात सामावल्याचे लक्षण असून तेवढ्यावरून तेल खराब ठरत नाही. तेल दुधाळ दिसले तर मात्र त्यात पाणी मिसळल्याची शक्यता असते व गाडी चालवू नये. गेजवरील पातळी वाढलेली आढळल्यास डिझेल किंवा पाणी मिसळत असावे. पातळी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पाहावी. लग्नाच्या वरातीत वा कारखान्याच्या रांगेत उभ्या गाडीचे इंजिन चालू असते, पण किलोमीटर वाढत नाहीत. म्हणून बदलाची मुदत अंतराबरोबर काळावरही मोजावी लागते. प्रत्येक बदलात तेलाचा फिल्टरही बदलतात. सुटे ऑइल घेण्याऐवजी झाकणाचे सील शाबूत असलेला डबा घ्यावा आणि रिकामा डबा भेसळीसाठी वापरला जाऊ नये म्हणून त्याला छिद्र पाडावे.

काढलेले जळके तेल लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासण्याची प्रथा गावोगाव आहे. कायद्याने मात्र ते घातक कचऱ्यात मोडते, आणि विहीर किंवा बोअरच्या आसपास ओतलेले तेल पाण्याची आधीच टंचाई असलेल्या भागात भूजलात उतरण्याचा धोका असतो. गॅरेजमधून ते अधिकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्यांकडे देता येते.