दीड पोस्टकार्डावर पेललेली गाडी

समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने जाणाऱ्या थार गाडीचं प्रत्येक चाक सेकंदाला जवळजवळ साडेतेरा वेळा फिरतं. दर फेऱ्याला टायरचा प्रत्येक भाग एकदा रस्त्याला टेकतो, चपटा होतो आणि पुन्हा गोल होऊन वर जातो. नागपूर ते शिर्डी या ५२० किलोमीटरांत एकेका चाकाच्या बाबतीत हे दोन लाखांहून अधिक वेळा घडतं. आणि आत बसलेल्या माणसाला तेवढ्यात डुलकीही लागते! इतकी आपटाआपट खाली चालू असताना वर झोप लागू शकते, ही गोष्ट मला यंत्रविद्येतल्या मोठ्या चमत्कारांपैकी एक वाटते.

हा चमत्कार घडवते हवा. साधा हिशेब करून पाहू. गाडी समजा १८०० किलोची आहे. चार चाकांवर वाटणी केली की एका चाकावर ४५० किलो येतात. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल, तर तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो होतो. ४५० किलो पेलायला या दाबाला सुमारे २०० चौरस सेंटिमीटर जागा लागते. तेवढाच टायर जमिनीला टेकतो. म्हणजे जेमतेम दीड पोस्टकार्ड! टायरच्या स्वतःच्या कडकपणामुळे हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण चित्र हेच राहतं. वळणं, ब्रेक, पाऊस, मागून येणारा ट्रक या सगळ्याशी तुमच्या गाडीला जो काही सामना करायचा आहे, तो या चार ठिपक्यांवर करायचा आहे.

ती हवा वजन पेलते कशी, हे तर आणखी विलक्षण आहे. आतली हवा टायरला सगळीकडून सारख्याच जोराने बाहेर ढकलते आणि रबरात विणलेले धागे ताणून धरते. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे त्याच्या भिंती फुगतात आणि त्या बाजूच्या धाग्यांची रिमवरची ओढ सैल पडते. वरच्या धाग्यांची ओढ मात्र तशीच राहते. त्यामुळे रिम खालच्या हवेवर बसलेली नसते, ती वरच्या धाग्यांना टांगलेली असते. सायकलच्या वरच्या तारा आसाला जसं धरून ठेवतात, तेच तत्त्व इथे डोळ्यांआड काम करतं.

ही युक्ती बरीच जुनी आहे. स्कॉटिश अभियंता रॉबर्ट विल्यम थॉमसन याने हवेच्या चाकाचं पेटंट १८४५ सालीच घेतलं होतं. तेव्हा मोटारी नव्हत्या, घोडागाड्या होत्या, आणि ती कल्पना लोक विसरूनही गेले. १८८८ साली बेलफास्टमध्ये राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी ती नव्याने शोधली. १९४६ साली मिशेलिनने रेडियल टायरचं पेटंट घेतलं. त्यात धागे तिरके न जाता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात, आणि जमिनीला लागणाऱ्या भागाखाली वेगळा कडक पट्टा असतो. यामुळे भिंत हवी तेवढी वाकू शकते आणि तळ रस्त्यावर सपाट बसून राहतो. आजचं हायवेवरचं सुख मुख्यतः या एका युक्तीवर उभं आहे.

आता उंच केलेल्या गाडीकडे येऊ. नाशिकला बनणारी थार घ्या, कारण तिच्या मालकांना गाडी उंच करणाऱ्या लिफ्ट किटचा मोह सगळ्यात लवकर होतो. ही गाडी २०२० साली नव्या रूपात आली तेव्हा तिच्यासोबत टायरचे दोन आकार आले: २५५/६५ आर १८ आणि २४५/७५ आर १६. या आकड्यांत बरंच काही दडलेलं आहे. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा सांगतो, भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे. शेवटचा म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. २५५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १६६ मिलिमीटर. २४५ चे ७५ टक्के म्हणजे जवळजवळ १८४. शोरूममध्ये अठरा इंची अलॉय चाक रुबाबदार दिसतं आणि सोळा इंची चाक साधं. पण त्या साध्या चाकावर रिम आणि रस्त्याच्या मध्ये १८ मिलिमीटर जास्त हवा आहे. पुलाच्या सांध्यावरून जाताना तो फरक कमरेला कळतो.

लिफ्ट किटने गाडी दोन इंच उचलली की चाकाच्या कमानीत मोठी पोकळी दिसू लागते आणि ती भरायला मोठा टायर हवासा वाटतो. इथे एक बारकावा आहे. किट फक्त वरची बॉडी उचलतं. थारचा मागचा अखंड अॅक्सल जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. तो उचलायला टायरचाच व्यास वाढावा लागतो, आणि तोही निम्माच कामी येतो. जंगलातल्या दगडांसाठी हे महत्त्वाचं आहे. पण नागपूरहून मुंबईला जाताना अॅक्सलखाली दगड येत नाहीत. हायवेसाठी टायर निवडायचा तर प्रश्न बदलतो: या चाकाला रस्त्यामागे किती चपळाईने धावता येईल?

गाडीचे दोन भाग असतात. स्प्रिंगच्या वर बॉडी, इंजिन आणि माणसं. स्प्रिंगच्या खाली चाक, टायर, ब्रेक आणि अॅक्सल. वरचा भाग सेकंदाला एक ते दीड वेळा वरखाली डुलतो. आपण चालतानाही शरीर साधारण त्याच संथ लयीत वरखाली होत असतं, म्हणून हे डुलणं त्रास देत नाही. खालचा भाग मात्र सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरतो. आणि माणसाचं शरीर उभ्या हादऱ्यांना सगळ्यात हळवं असतं ते मधल्या पट्ट्यात, सेकंदाला चार ते आठ वेळा. बसलेल्या माणसाचं पोट आणि धड त्याच सुमाराला स्वतःहून डोलू लागतं. चांगलं सस्पेन्शन या पट्ट्याच्या खाली आणि वर राहायचा प्रयत्न करतं. खालचं वजन वाढवलं की चाकाची थरथर मंदावते, या नाजूक पट्ट्याकडे सरकते आणि शॉकअॅब्सॉर्बरला आवरत नाही. खड्ड्यातून वर उसळलेलं जड चाक वेळेवर खाली येत नाही, आणि तेवढा वेळ ते दीड पोस्टकार्डही रस्त्यावर नसतं.

म्हणून चाक आणि टायरचं वजन हा माझ्या लेखी पहिला निकष आहे. दुकानात तो क्वचितच कोणी विचारतं. २८५/७० आर १७ मापाचा, दगडधोंड्यांसाठी केलेला जाड भिंतीचा टायर एकटाच २५ किलोच्या घरात जातो. त्यातही टायरच्या कडेचं वजन दुप्पट महाग पडतं, कारण त्याला पुढेही न्यावं लागतं आणि गोल फिरवावंही लागतं. कागदावर गणित केलं तर कडेच्या एका किलोला वेगात आणायला, बॉडीत ठेवलेल्या एका किलोच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. ब्रेक लावताना तेवढीच पुन्हा जिरवावी लागते.

आणि तोल! १८ इंची रिमच्या कडेला फक्त दहा ग्रॅमचा फरक राहिला, तर ताशी १२० ला तो चाकाला स्वतःच्या वजनाच्या १६० पट जोराने, म्हणजे दीड किलोहून जास्त ताकदीने बाहेर ओढतो, सेकंदाला साडेतेरा वेळा. चाकाच्या स्वतःच्या थरथरीची लयही नेमकी तिथेच आहे. स्टिअरिंग शंभरच्या आसपास थरथरायला लागतं आणि साठला शांत होतं, त्याचं कारण हे. मोठा, जाड नक्षीचा टायर तोलायला अवघड असतो आणि झिजताना तोल पुन्हा बिघडतो. रिम विकत घेताना तिचं मधलं भोक गाडीच्या हबवर घट्ट बसतं ना, हे पाहा. सैल असेल तर योग्य मापाची रिंग घाला, म्हणजे चाक मध्यभागी ठेवायला नुसत्या नटांवर भरवसा ठेवावा लागणार नाही.

आवाजाचा विचार फार थोडे लोक करतात, पण सहा तासांच्या प्रवासात माणूस दमतो तो बराचसा आवाजाने. टायरच्या नक्षीचा प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो आणि मधल्या खाचेतली हवा पिळून बाहेर फेकतो. सगळे ठोकळे सारख्या मापाचे असते तर त्यातून एकच तीक्ष्ण सूर निघाला असता. म्हणून टायर बनवणारे ठोकळ्यांची लांबी मुद्दाम लहानमोठी ठेवतात आणि त्यांची क्रमवारी अशी लावतात की आवाज अनेक सुरांत विखुरला जावा. कधी टायरजवळ बसून ही नक्षी निरखून पाहा, लहानमोठे ठोकळे सहज ओळखू येतात. चिखलासाठीच्या एमटी टायरमध्ये ठोकळे मोठे आणि खाचा रुंद, त्यामुळे तिथे ही युक्ती तोकडी पडते. काँक्रीटच्या रस्त्यावर पकडीसाठी पाडलेल्या आडव्या खाचा त्यात स्वतःची शीळ मिसळतात. हायवेसाठी एचटी टायर सगळ्यात शांत. शेताचा, कच्च्या घाटाचा रस्ताही लागत असेल तर सौम्य नक्षीचा एटी. एमटी नको, हे मी ठामपणे सांगते.

एकाच मापाचा टायर दोन जातींत मिळतो, हेही लक्षात असू द्या. एक प्रवासी गाडीचा, दुसरा एलटी म्हणजे हलक्या ट्रकचा. एलटीच्या भिंतीत जास्त थर असतात, तो काट्याकुट्याला दाद देत नाही, पण वाकतही नाही. तेवढंच वजन पेलायला त्याला सहसा जास्त हवा लागते, आणि प्रत्येक भेग मणक्याला कळते. बाजूवरचा भारांक वाचा: १०९ म्हणजे एका टायरला १०३० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. शेजारचं अक्षर वेगाचं असतं: क्यू म्हणजे १६०, एस म्हणजे १८०. गाडीसोबत आलेल्या टायरपेक्षा दोन्ही कमी नसावेत. बाजूवरच्या लांब क्रमांकाचे शेवटचे चार अंक टायरची जन्मतारीख सांगतात, ३२२४ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. जुनं रबर कडक होतं, आवाज करतं आणि ओल्या रस्त्यावर घसरतं.

गाडी उचलल्यावर पुढच्या चाकांचे कोन बदलतात. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते कॅस्टर नावाच्या कोनामुळे, आणि लिफ्टनंतर बहुधा तोच कमी होतो. मग गाडी सरळ रस्त्यावर भरकटते आणि चालक तासन् तास बारीक दुरुस्त्या करत बसतो. त्यात चाक बाहेर काढणारी रिम घातली तर प्रत्येक खाच हाताला झटका देते आणि बेअरिंगवरचा भार वाढतो. ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते माप, मूळ रिमच्या जवळचंच घ्या, आणि अलाइनमेंट करणाऱ्याकडून कॅस्टरचे आकडे कागदावर मागून घ्या.

कायदाही पाहावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्टही केलं. किट लावण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा.

माझा कौल असा. गाडी उचललेली नसेल तर थारसाठी २४५/७५ आर १६ सगळ्यात सुखाचा. दोन इंच उचललेली असेल, परवानगीचा प्रश्न सुटला असेल आणि कमानीतली पोकळी डोळ्यांना सलत असेल, तर २६५/७० आर १७ पर्यंत जा, प्रवासी जातीचा, हलक्या रिमवर. त्याचा व्यास सुमारे ८०३ मिलिमीटर होतो, म्हणजे अठरा इंची मूळ टायरपेक्षा दोन टक्क्यांहून कमी वाढ. स्पीडोमीटर फारसा फसत नाही आणि भिंत १८५ मिलिमीटर मिळते. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही, हे पाहूनच दुकानातून निघा. २८५/७० आर १७ च्या टायरवर मात्र काटा शंभर दाखवत असताना गाडी त्याहून पाच टक्के जास्त वेगात असू शकते.

आणि हवा सकाळी, गाडी थंड असतानाच मोजा. चालकाच्या दारापाशी लावलेल्या पट्टीवरचा आकडा पाळा. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. आकार बदलला असेल तर टायर कंपनीचा भार आणि दाबाचा तक्ता मागा. २० अंशांना भरलेले ३२ पीएसआय, टायर ६० अंशांपर्यंत तापला की ३८ च्या पुढे जातात. वाटेत पंपावर ते पाहून हवा सोडू नका. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, वाकला की आणखी तापतो, आणि उन्हाळ्यात काँक्रीटवर तो फुटू शकतो.