घट्ट घोळ जोर लावला की का अडतो?

दोन वाट्या कॉर्नफ्लोअर, एक वाटी पाणी. चमचा हळू फिरवा, घोळ मजेत वाहतो. जोरात फिरवा, चमचा अडतो, वरचा चकचकीतपणा जाऊन पृष्ठभाग कोरडा दिसतो, चक्क तडे जातात. हात थांबला की पुन्हा पातळ!

पाण्यात मोजकेच कण असतील तर दाटपणा किती वाढेल, याचं सूत्र आइन्स्टाइनने १९०६ मध्ये दिलं. (त्यातला आकडा १९११ मध्ये दुरुस्त करावा लागला, हो, त्यालाही!) कणांची गर्दी झाली की मात्र हे सूत्र निकामी. एकसारखे गोल कण कसेही कोंबले तर साधारण ६४ टक्के जागा भरताच सगळं जाम होतं. खरी गंमत त्याच्या जरा अलीकडे. हळू ढवळताना कणांमध्ये पाण्याचा पातळ थर टिकतो. जोर वाढला की हा थर हरतो, कण थेट घासतात आणि एकमेकांना अडवतात.

आणि कोरडेपणा? शास्त्रज्ञ रेनॉल्ड्सने १८८५ मध्येच सांगितलंय: दाटीतल्या कणांना सरकायला जास्त जागा लागते, रचना फुगते, पाणी आत ओढलं जातं. समुद्रकाठच्या ओल्या वाळूत पावलाभोवती फिकट वर्तुळ उमटतं, तेही यामुळेच.

टूथपेस्टची तऱ्हा वेगळी. पुरेसा दाब येईपर्यंत ढिम्म हलत नाही, म्हणून तर ब्रशवर उभी राहते.