बॉयलरच्या पाण्यात साखर

ऐन हंगामात गव्हाण थांबली की यार्डात नंबराला लागलेले गाडीवान एकमेकांना सांगतात, "बॉयलरची ट्यूब फुटली म्हणं." मग इंजिनिअरसाहेबांचा उद्धार सुरू होतो. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते. सभासदाला राग येणारच. पण ट्यूब फुटते कशाने, हे विचारणारे थोडे. म्हणून आम्ही दोन पाळ्या बॉयलर हाऊसमध्ये आणि लॅबमध्ये काढल्या.

बॉयलरची वाफ टर्बाइन फिरवते. तीच वाफ पुढे रस आटवणाऱ्या पहिल्या बॉडीत जाते, रसाला उष्णता देते, तिचे पाणी होते आणि ते परत बॉयलरला मिळते. गरम आणि बिनक्षाराचे. बॉयलरला याहून चांगले पाणी नाही. पण वाफ आणि रस यांच्यामध्ये आडपडदा काय, तर नळीची पातळ भिंत.

चालू कारखान्यात वाफेचा दाब रसापेक्षा जास्त असतो. नळीला बारीक भोक असले तरी वाफच रसात जाते, कोणाला पत्ता लागत नाही. खरा घोटाळा मिल थांबल्यावर. वाफ तोडली, दाब उतरला की रस उलटा वाफेच्या बाजूला शिरतो, आणि पुन्हा सुरू करताना पाण्याबरोबर बॉयलरमध्ये जातो.

तिथे साखर टिकत नाही. तिचे आम्ल होते, ते लोखंड खाते. पाणी फेसाळते, काचेतली पातळी नाचू लागते, फेस वाफेबरोबर टर्बाइनपर्यंत जातो. उरलेली साखर ट्यूबच्या आतून करपून बसते. ज्यांनी गुऱ्हाळ चालवले आहे त्यांना हे सांगायला नको. रस लागला की काहिलीला काळा थर कसा धरतो, ते त्यांनी खरवडून पाहिले आहे. ट्यूबच्या एका अंगाला जाळ, दुसऱ्या अंगाला पाणी. पाणी उष्णता ओढून नेते म्हणून लोखंड तगते. मध्ये थर आला की ट्यूब लाल होते, नरम पडते, पोट धरते आणि फाटते.

हे आधी कळते कसे? लॅबमधला पोरगा परतीच्या पाण्याचा नमुना परीक्षानळीत घेतो, अल्फा नॅफ्थॉलचे थेंब टाकतो आणि कडेने सावकाश तेजाब सोडतो. जांभळे कडे उमटले की साखर आली. लगेच ते पाणी बॉयलरकडून तोडायचे, स्वच्छ पाणी द्यायचे, ब्लो डाऊन वाढवायचे, कॉस्टिक देऊन आम्ल मारायचे. साखर फार गेली असेल तर बॉयलर थांबवून पाणी काढून टाकण्यावाचून इलाज नाही. तिथे चार तासांचा लोभ धरला तर चार दिवस जातात.

दुसरे भय काचेत पाणी न दिसण्याचे. अशा वेळी घाईने पाणी सोडणे म्हणजे तापल्या तव्यावर पाणी मारणे. आधी जाळ बंद, हाच नियम.

१८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे दगावली आणि त्यानंतर तपासणीचे कायदे झाले. १९२३ चा कायदा शंभर वर्षे चालला, आता २०२५ चा आहे. निरीक्षकाच्या दाखल्याची मुदत महिन्यांत मोजतात. साखर मात्र अर्ध्या तासात येते.

यात आपलाही हात आहे, हे आम्हालाही ठाऊक नव्हते. तोडीचा प्रोग्रॅम चुकला, ऊस नाही म्हणून मिल उभी राहिली, की रस उलटा शिरायची संधी तेवढ्या वेळा वाढते. आणि उसाबरोबर आलेली माती-वाळू बगॅसमधून भट्टीत जाते, धुराबरोबर उडते आणि ट्यूबा बाहेरून घासून पातळ करते. मुळाशी झाडून मोळी बांधा म्हणतात ते उगीच नव्हे.

जांभळे कडे प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी दिवसपाळीला गेटवर नाव सांगून लॅबमध्ये यावे. तेजाबापासून मात्र दोन हात लांब उभे राहावे.