चित्रकार : बालपुस्तकाचा सहलेखक

खुलताबाद तालुक्यातील वेरूळच्या कैलास मंदिरात, म्हणजे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात खोदल्या गेलेल्या लेण्यात, दक्षिणेकडील भिंतीवर रामायणातील आणि उत्तरेकडील भिंतीवर महाभारतातील प्रसंग एकाखाली एक अशा आडव्या पट्ट्यांत कोरलेले आहेत आणि अक्षरओळख नसलेल्या माणसालाही त्यांतील कथेचा क्रम लावता येतो. मुलांसाठी कथा लिहिणाऱ्याने पुस्तकाचा विचार येथून सुरू करावा, कारण लहान मूल शब्दांच्या आधी चित्र वाचते. मराठीत मात्र चित्र हे कथा पूर्ण झाल्यावर भरावयाचे शोभेचे अंग आहे, असा समज अजूनही पुष्कळ ठिकाणी दिसतो.

सचित्र पुस्तक आणि चित्रपुस्तक यांत भेद आहे. पहिल्यात मजकूर स्वयंपूर्ण असतो आणि चित्र त्याला सोबत करते, तर दुसऱ्यात कथेचा काही भाग केवळ चित्रातूनच कळतो. माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांत लेखन आणि चित्रे दोन्ही स्वतः केल्यामुळे शब्दांनी कोठे थांबावे याचा निर्णय एकाच हातात राहिला. जेथे लेखक आणि चित्रकार वेगळे असतात, तेथे चित्राने सांगायची जागा लेखकाला जाणीवपूर्वक मोकळी सोडावी लागते. खुलताबादेत कबर असलेल्या मलिक अंबरची, म्हणजे इथिओपियातून गुलाम म्हणून विकला जाऊन पुढे निजामशाहीचा वजीर झालेल्या आणि १६२६ मध्ये मृत्यू पावलेल्या सेनानीची, गोष्ट कोणी लिहिली, तर त्याचा पेहराव किंवा कबरीवरचा घुमट शब्दांत वर्णन करण्याची गरज नाही. चित्रकाराने मात्र ते ठिकाण प्रत्यक्ष पाहिले पाहिजे आणि मुघल चित्रकार हाशिम याने रेखाटलेले अंबरचे व्यक्तिचित्रही अभ्यासले पाहिजे. अन्यथा स्थानिक मुलाला आपले गाव पुस्तकात ओळखता येणार नाही.

नव्या लेखकाने प्रकाशकाकडे प्रथम केवळ संहिता पाठवणे इष्ट, कारण चित्रकाराची निवड बहुतेक प्रकाशक स्वतः करतात आणि ओळखीच्या व्यक्तीकडून आधीच काढून घेतलेली चित्रे पुष्कळदा बाजूला ठेवावी लागतात. एकच छोटी कथा असेल, तर पाठ्यपुस्तक मंडळ म्हणजे ‘बालभारती’ १९७१ पासून चालवीत असलेले ‘किशोर’ मासिक हा मार्ग अधिक सुकर आहे. संहिता स्वीकारली गेल्यावर तिची पानांत विभागणी होते आणि ‘डमी’, म्हणजे प्रत्येक पानावरील मजकुराची व कच्च्या रेखाटनांची जागा दाखविणारा नमुना, तयार होतो. छपाई आठ किंवा सोळा पानांच्या फर्म्यांत होत असल्यामुळे पुस्तक सोळा, चोवीस वा बत्तीस पानांचे ठरते आणि एखादा परिच्छेद वाढला, तरी संपूर्ण मांडणी हलू शकते. म्हणून मजकुरातील काटछाट रेखाटनाच्या टप्प्यावरच संपवावी.

कराराकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि नुकसान बहुधा तेथेच होते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार कथा ही साहित्यकृती व चित्र ही कलाकृती असून दोहोंचे संरक्षण निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहते. मात्र नोकरीत नसलेल्या चित्रकाराने मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्रांचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल, तर ती काढून घेणारा ठरू शकतो. हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते, त्यात स्वामित्वधन म्हणजे रॉयल्टीचा उल्लेख हवा आणि मुदत नमूद नसेल, तर ती पाच वर्षे मानली जाते. अनुवाद, दृक्‌श्राव्य रूप आणि डिजिटल आवृत्ती यांचे हक्क ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत देऊन टाकणे लेखक व चित्रकार या दोघांनीही टाळावे. भारतात पुस्तकासाठी लागणारा तेरा अंकी आयएसबीएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाण पुस्तक क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यामुळे त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाची गरज नाही.

एकरकमी मानधन देऊन चित्रकाराला पुढील आवृत्त्यांतून वगळण्याची रीत अन्यायाची आहे. लेखकांनी करारावर सही करण्यापूर्वी चित्रकाराचे नाव मुखपृष्ठावर आपल्या नावाशेजारी छापले जाईल, अशी अट आग्रहाने घालावी.