इंजिन चालते, यंत्र हलत नाही

अमेरिकेच्या उपनगरांत, जिथे घराभोवतीची हिरवळ नीट राखणे हे गृहस्थाचे कर्तव्यच समजले जाते आणि जिथे आता आपली पुष्कळ मराठी कुटुंबेही स्थायिक झाली आहेत, हिवाळा सरताच बसून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र बाहेर काढून त्याचे तेल बदलणे, पाती परजणे, चाके उतरवून आसाला ग्रीस लावणे ही वार्षिक कामे सुरू होतात. आणि ती यथासांग उरकल्यावर कधी कधी अशी चमत्कारिक अवस्था उद्भवते की इंजिन सुरळीत चालते, पातीही फिरतात, परंतु पायाखालचे पेडल कितीही दाबले तरी यंत्र तसूभर पुढे सरकत नाही. मालकाचा संशय तत्काळ गिअरबॉक्सवर जातो, आणि तो नवा आणण्याची महागडी तजवीज सुरू होते. हा निवाडा बहुधा अन्यायाचा असतो. देखभालीपूर्वी चालत असलेले यंत्र देखभालीनंतर थांबले, तर ज्या भागांना नुकताच हात लागला त्यांचीच झडती प्रथम घेतली पाहिजे.

एडविन बडिंगने १८३० साली इंग्लंडात हिरवळ कापण्याचे जे यंत्र सिद्ध केले, ते माणसाने ढकलायचे असल्यामुळे ही तक्रारच संभवत नव्हती. माणूस यंत्रावर बसू लागला तेव्हा इंजिनाला पाती आणि चाके या दोहोंचा भार उचलावा लागला, आणि त्यासाठी बहुधा दोन स्वतंत्र पट्टे आले. म्हणून पाती फिरतात एवढ्यावरून चाकांचा पट्टा जागेवर आहे असे मानू नये. पात्यांचा सांगाडा काढता-घालताना तो पुलीवरून निसटतो, किंवा त्याला ताण देणाऱ्या पुलीची स्प्रिंग अडकवायची राहून जाते. किल्ली काढून, स्पार्क प्लगची तार सोडवून आणि इंजिन निवल्यावर पट्ट्याचा मार्ग यंत्राच्या पुस्तकातील आकृतीशी ताडून पाहावा.

पट्टा ठीक असेल तर मागच्या बाजूचा दांडा पाहावा. आजच्या पुष्कळ यंत्रांत इंजिन पंप फिरवते, पंप तेलाला दाब देतो आणि ते तेल चाकांची मोटर फिरवते. बंद यंत्र हाताने ढकलता यावे म्हणून हा दांडा तेलाला आडवाट मोकळी करून देतो. दुरुस्तीसाठी ओढलेला दांडा पूर्ववत करायचा राहिला, तर पंप निमूटपणे तेल घुसळीत राहतो आणि चाकांपर्यंत काहीच पोचत नाही. दांडा चालवण्याच्या स्थितीत, इंजिन बंद आणि ब्रेक सुटलेला असताना सपाट जमिनीवर यंत्र सहज ढकलले जात असेल, तर दोष येथे आहे, किंवा पुढे सांगतो त्या जागी आहे.

ही जागा सर्वांत फसवी आहे. अनेक यंत्रांत मागचे चाक आसावर नुसते सरकवलेले असते. आसाच्या आणि चाकाच्या खाचांत मिळून बसणारी पोलादाची छोटी चौकोनी चावी दोघांना एकत्र बांधते. चाक काढताना ती गवतात पडते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. एकाच चाकाची चावी हरवली असता दुसऱ्या चाकाने यंत्र ओढावे, असे आपल्याला वाटते. पण वळणावर दोन्ही चाकांना निरनिराळ्या वेगाने फिरू देणारी जी योजना गिअरबॉक्समध्ये असते, ती सारी गती अडथळा नसलेल्या आसाकडे सोडून देते, आणि मोकळा आस चाकाच्या पोटात गरगर फिरत असता यंत्र जागच्या जागी उभे राहते. काही पैशांच्या या तुकड्याअभावी सुस्थितीतला गिअरबॉक्स भंगारात जावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गिअरबॉक्समधील तेल बदलले असेल, तर आत हवा कोंडलेली असणे हे उघड कारण आहे. पुढची चाके अडवून, मागची जमिनीपासून उचलून भक्कम आधारावर ठेवावीत, आणि आडवाट मोकळी असताना मंद इंजिनावर पेडल सावकाश पाच-सहा वेळा पुढे-मागे दाबावे. मग आडवाट बंद करून तीच क्रिया पुन्हा करावी आणि तेलाची पातळी भरून काढावी.

यंत्र थंड असताना चालते, तापल्यावर चढावर दम टाकते, अशी कैफियत असेल तर मात्र पंप झिजल्याचा संशय रास्त आहे. पण ती झीज हळूहळू वाढत जाते आणि तिची चाहूल देखभालीच्या कितीतरी आधीपासून लागलेली असते.